आठ कामट्यांचं डालगं

मी एक डालगं बोलतंय. बांबूचं, कोंबड्या झाकायचं. पण माझ्याखाली आजवर एकही कोंबडी बसलेली नाही. हसू नका, माझ्या जिवाला ते फार लागतं.

माझा जन्म धरणाकाठच्या मणिबेली गावचा. करमसिंगच्या घरी दोन मोडकी डालगी कित्येक वर्षं आढ्याला टांगलेली होती. एक जुन्या गावातल्या बांबूचं. ते गाव बांबूच्या बेटासकट धरणाच्या पाण्याखाली गेलं. दुसरं अक्कलकुव्याच्या बाजारातलं. करमसिंगनं दोन्ही उसवली, त्यांच्या कामट्या, म्हणजे बांबूच्या पट्ट्या, भिजवल्या आणि चांगल्या तेवढ्या निवडून मला विणलं. माझ्या उभ्या कामट्या आठ. पाच जुन्या गावच्या, तीन बाजारच्या.

त्याची बायको दिवलीबाई मला बघून हसली होती. तिची ठिपक्यांची कोंबडी तेव्हा अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघाली की त्यांच्यावर मला झाकायचं ठरलं. मी दाराशी पडून त्या पिल्लांची वाट पाहू लागलं.

हिवाळा होता. धरणाच्या पाण्यावर रानबदकं उतरली होती आणि कोंबड्या काठावर त्यांच्याच शेजारी चोची बुडवायच्या. एके सकाळी दोन कोंबड्यांनी माना टाकल्या. थोड्या दिवसांनी नात रिना गुजरातेतून मजुरीवरून परतली, तीही तापानं फणफणलेली. तिच्या मजुरांच्या टोळीतल्या सगळ्यांना तोच ताप-खोकला होता.

इथली रीत अशी, की आजारी माणसावरून कोंबडी उतरवायची, म्हणजे दुखणं तिच्यावर जातं. दिवलीबाईनं ठिपक्यांची कोंबडी अंड्यांवरून उठवली. त्या कोंबडीचेही डोळे आजारानं मिटत होते. तेवढ्यात कोंबड्या मेल्याचं ऐकून जनावरांच्या डॉक्टर अस्मा बोटीनं येऊन पोचल्या.

"मावशी, थांबा! ही कोंबडी रिनाच्या तोंडाजवळ नेऊ नका."

दिवलीबाई घरात भिली बोलते, बाहेरच्यांशी अहिराणी. ती चिडलीच. "डॉक्टरबेन, मन्ही पोर तापमा जळी ऱ्हायनी! उतारा नही करसू ते काय करसू?"

अस्मांनी इकडंतिकडं पाहिलं, माझ्या दोन रंगांच्या कामट्या त्यांच्या नजरेत भरल्या आणि त्यांनी मला उचललं. माझी छाती भरून आली. एवढ्या मायेनं मला कुणी हातात धरलं नव्हतं.

"हे बघा. दोन डालग्यांच्या कामट्या मिसळून हे तिसरं झालं ना? फ्लूच्या विषाणूचंही असंच. त्याच्याही अंगात आठ तुकडे असतात. पाखरांचा फ्लू रानबदकाच्या पोटात बऱ्याचदा निवांत राहतो, कोंबडीला मात्र मारतो. रिनाचा ताप माणसांच्या फ्लूचा वाटतोय, तो वेगळा. दोन्ही एकाच जिवाच्या एकाच पेशीत शिरले, तर त्यांच्या तुकड्यांची सरमिसळ होते. बदकात होते, डुकरात होते, माणसातही होऊ शकते. बहुतेकदा त्यातून काही धड निपजत नाही. पण एखादा असा निपजतो, की तो खोकल्यातून पसरतो आणि कुणाचंच शरीर त्याला ओळखत नाही."

मी अंग चोरलं. सरमिसळीतून झालेलं मीही. पण मला फक्त पिल्लं झाकायची होती हो!

"मंग तिन्हा ताप कोन लई जाई?" दिवलीबाईचा आवाज खाली आला.

"दवाखान्यात नेऊ. बोट थांबवलीय."

दिवलीबाईनं कोंबडी खाली ठेवली, अस्मांनी सांगितलं तसे साबणानं हात धुतले. पण पाय काही उंबऱ्याबाहेर पडेना. शेवटी तिची नजर माझ्यावर आली. "हाई डालगं नवं शे. यामा अजून कोंबडी बसेल नही. हाई चाली ना, बेन?"

अस्मांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "चालेल."

रिकाम्या मला तिनं रिनाच्या डोक्यावरून फिरवलं. रिनाचं कपाळ मला जवळून दिसलं, घामानं ओलं, अगदी लेकरासारखं. उतरवलेली वस्तू घरात परत घेत नाहीत. ज्या हातांनी विणलं, त्याच हातांनी करमसिंगनं मला पाण्यात सोडलं. रिनाची बोट एकीकडे गेली, मी दुसरीकडे.

आता मी पाण्यातून वर आलेल्या एका वठलेल्या झाडाच्या शेंड्याला अडकलंय. खाली जुनं गाव आहे. माझ्या पाच कामट्या बांबूच्या बेटासाठी झुरतात, तीन बाजारच्या गलक्यासाठी, आणि आठही जणी त्या पिल्लांसाठी. अंडी केव्हाच गार पडली असतील.

काल एक रानबदक येऊन माझ्यावर बसलं. त्याच्या पोटात ते आठ तुकडे असतीलही. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं पाखरू. त्याचं पोट किती उबदार होतं!

बोटीनं जाणाऱ्यांनो, मला उचलून घरी नेऊ नका. रिनाचा ताप माझ्यावर आला असेल, तर तो इथंच राहू दे. फक्त जाताना एवढं मोठ्यानं सांगून जा, रिना उठून बसली का?