बंद विहिरीचा श्वास

मी एक जुनी विहीर आहे, मित्रांनो. पण माझ्यात पोहरा सोडलात तर पाणी मिळायचं नाही. मी तेलाची विहीर. दीड किलोमीटर खोल, आणि रुंदी म्हणाल तर जेमतेम परातीएवढी. माणसांनी जमीन भेदून माझ्यात लोखंडी नळ उतरवला, त्याच्याभोवती सिमेंट भरलं आणि माथ्यावर झडप बसवली. या माळावर आम्ही बारा बहिणी होतो. मी सातवी.

सव्वीस वर्षं मी राबले. माझ्या तेलावर गाड्या धावल्या, गॅसवर कारखान्यांच्या भट्ट्या पेटल्या. पाहुणे आले की साहेब त्यांना माझ्याकडेच आणत आणि म्हणत, "ही आमची गुणाची पोर!" माझी निगा राखायचा एक पंपवाला. त्याच्या हातात सदा पाना असायचा, म्हणून सगळे त्याला पानेवाले म्हणत. सकाळी येऊन तो माझ्या नळावर तळवा ठेवायचा, आईने तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

पुढे माझ्यातून तेल कमी आणि खारं पाणीच जास्त यायला लागलं. मला बंद करायचं ठरलं. माझ्या पोटात सिमेंटचं बूच भरलं. ते नीट बसलं की नाही, हे दुसऱ्या दिवशी तपासायला हवं होतं.

पानेवाले म्हणाले, "साहेब, उद्यापर्यंत थांबू या."

"उद्या सिमेंटची गाडी दुसरीकडे जायचीय. तपासलं म्हणून कर सही आणि मोकळा हो."

त्यांनी सही केली. पण मित्रांनो, ते बूच एका बाजूने चिरलं होतं. मला कळत होतं, पण सांगणार कोणाला?

वर्षं लोटली. माझी पाटी गंजून पडली, कुंपणाची तार कोणी तरी नेली. माळाचे तुकडे पडले आणि माझ्या शेजारी एक वेल्डर बायको आणि तान्ह्या मुलीसह राहायला आला. पुढे पत्र्याची शेड, मागे एक खोली. माझ्याजवळच दोरीवर दुपटी वाळत घालत. आणि माझ्या झडपेतून गॅस हळूहळू बाहेर येत होता. तो दिसत नाही. वासही इतका पुसट, की कोणाचं लक्ष जाऊ नये. ती मुलगी रांगत माझ्यापाशी आली की माझा जीव टांगणीला लागायचा.

एका सकाळी वेल्डरने माझ्या नळावर थाप मारली. "अगं, आयता खांब मिळालाय बघ! फाटकाच्या बिजागऱ्या यालाच जोडतो."

त्याने मशीन ओढत आणलं. मी काय करू शकणार होते? एक ठिणगी, आणि सगळा खेळ खलास.

"थांबा जरा," बायको म्हणाली. "याच्याभोवतीचं गवत बघा. सगळीकडे हिरवंगार आणि इथेच करपलंय. कडेच्या घरातले काका इथेच कामाला होते ना? त्यांना विचारून येते."

"गवताचं काय विचारायचंय?"

"दहा मिनिटांनी काय बिघडतंय? मी येईपर्यंत हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

ती मुलीला कडेवर घेऊन पळतच गेली. तो कुरकुरला, पण थांबला. ती दहा मिनिटं मला सव्वीस वर्षांहून लांब वाटली.

पानेवाले धापा टाकत आले. त्यांनी झडपेवर साबणाचा फेस लावला. फेसाला भराभर बुडबुडे फुटले.

"मशीन लांब ने! काडी ओढू नकोस! गॅस आहे!"

वेल्डरने घाईघाईने मशीन मागे ओढलं. पानेवाले खाली बसले. "चूक माझी आहे रे. बूच न तपासता मी सही केली होती."

त्यांनी दूर जाऊन तेल कंपनीच्या कार्यालयात फोन लावला. उत्तर आलं, "आमच्या नोंदीत ती विहीर बंद आहे."

"नोंदीत बंद असेल, साहेब. इथे ती श्वास घेतेय. आणि तेव्हा खोटी सही करणारा मीच आहे. लिहून देतो."

त्या लेखी जबाबाने मात्र चक्रं हलली. ते कुटुंब नातेवाइकांकडे गेलं. माणसं आली, यंत्रं आली, जुनं बूच फोडून नवं भरलं. या वेळी पानेवाले दोन दिवस दाबाच्या काट्यासमोर खुर्ची टाकून बसले. काटा शून्यावरून हलला नाही. मग माझा माथा कापून वर माती टाकली.

मित्रांनो, ज्याच्याकडून काम करून घेतलंत, त्याला बंद करतानाही तेवढाच वेळ द्या. माझं निभावलं, पण अशाच घाईत बंद केलेल्या अकरा बहिणींची काळजी मला मातीखालीही स्वस्थ बसू देत नाही. पानेवाले आणि वेल्डरची बायको जुना नकाशा घेऊन त्यांना शोधत फिरतायत. आठव्या बहिणीच्या जागी काल त्यांना एक नवं घर दिसलं. आतून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता.

त्यांनी दार वाजवलं.