न पेटलेला ब्रेकलाइट

वहिनीने उगारलेला पाना थेट धाकट्या दिराच्या खांद्यावर बसला.

"ब्रेकलाइटची वायर कापलीत ना, भावोजी?"

दीर कळवळला, पण हसलाही. "नियमात कुठे नाही म्हटलंय, दाखवा की!" असं म्हणत त्याने तिचं डोकं धरून बॉनेटवर आपटलं.

सासऱ्यांनी दोघांना ओढून वेगळं केलं. "काय ती मर्दुमकी शर्यतीत दाखवा. जिंकेल त्याच्या हाती गॅरेज. शब्द दिलाय मी."

हौशी शर्यतींचा नियम सरळ होता. सरावात गाडीला जेवढा वेळ लागतो, तेवढा तिच्या काचेवर लिहायचा. संथ गाडीला आधी सोडायचं, म्हणजे सामना बरोबरीचा. लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर मात्र बाद. नियमात खोट नव्हती. दीर सरावात रेषेच्या अलीकडे हळूच ब्रेक दाबून संथ व्हायचा, म्हणजे शर्यतीत त्याला आधी सुटायला मिळायचं; तिथेही शेवटी ब्रेक दाबून तो लिहिलेला वेळ साधायचा, आणि मागे दिवाच पेटत नसल्याने कुणाला पत्ता लागत नव्हता. वहिनीला लागला तो वासावरून. तिने चाकापाशी वाकून पाहिलं होतं. ब्रेकचे पॅड जळून पार झिजले होते.

ते मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

कपाळावरचं रक्त पुसत ती गाडीत बसली. दीर आधी सुटला, मग ती. एरवी ती गाडी जपून उचलायची. आज तिने गिअरबॉक्सची दयामाया न करता गिअर ठोकले आणि अर्ध्या वाटेतच त्याला गाठलं. त्याने मान वळवली. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं होतं. ब्रेककडे निघालेला पाय त्याने ॲक्सिलरेटरवरच दाबून धरला.

रेषा जवळ येताच तिने ब्रेक दाबला. तिच्या गाडीचे मागचे दोन्ही दिवे सगळ्यांदेखत लालभडक पेटले.

दीर पुढे गेला, लिहिलेल्यापेक्षा कितीतरी लवकर. फलकावर तो बाद झाल्याचं झळकलं. ते बघायला त्याला सवड नव्हती. त्याची गाडी थांबलीच नाही. टायरांची भिंत फोडून खांबावर आदळली.

पहारीने पत्रा फाकवून वहिनीनेच त्याला बाहेर ओढलं. गुडघ्याखाली पाय भलतीकडेच वळला होता.

"जिंकलो ना?"

"बाद झालात."

"ब्रेक लागलाच नाही हो, वहिनी..."

"लागणार नव्हताच."

सासऱ्यांनी तिच्यापुढे धरलेली गॅरेजची किल्ली तिथल्या तिथे मुठीत मिटली.

तिने त्यांची बोटं एकेक करून उघडली.