गळतीचा आवाज

किक मारली की पाय विनातक्रार खाली जात होता, आणि कानमास्तरांना त्याचाच राग येत होता. दोनदा उघडून पुन्हा बांधलेल्या इंजिनाने इतकं गरीब वागू नये. त्याने पायाला उलट ढकललं पाहिजे.

प्लगच्या जागी लावलेल्या, दाब मोजणाऱ्या गेजचा काटा साठावर थांबला. यायला हवा होता एकशेवीस. पहिल्यांदा साठ आला तेव्हा त्यांनी तणतणत रिंगा बदलल्या. दुसऱ्यांदा आला तेव्हा हेडचं गॅस्केट बदललं आणि वाल्वही घासून बसवले. आज सकाळी सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पाहिलं. रिंगांत खोट असती तर काटा चढला असता. काटा ढिम्म. आणि पाच वाजता गाडीचे मालक येणार होते. निवृत्त कंपाउंडर, चाळीस वर्षांची गाडी, दोनदा ‘उद्या या’ ऐकून हसत परत गेलेला भला माणूस.

कानमास्तर हे नाव गिऱ्हाइकांनीच दिलेलं. गाडी दारात थांबायच्या आत ते आतून ओरडत, ‘चेन सैल आहे तुमची!’ आणि ती सैलच निघायची. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे काढून गळती शोधणाऱ्या मेकॅनिकांची ते मनसोक्त टर उडवत. हा कान गेला तर आपल्याकडे उरतं काय, हा प्रश्न वर्षभर त्यांच्या मनाच्या दाराशी ताटकळत होता, आणि ते काही त्याला आत घेत नव्हते. हल्ली फोन वाजला की लेकच उचलायची. ती चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम करत होती. पोरीला सवयच आहे, असं ते स्वतःला सांगत.

सकाळपासून त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. पाना उचलायचा, ठेवायचा, पुन्हा तोच शोधायचा.

“माझा बारा-तेराचा पाना कुठे टाकलास?”

“बाबा, तुमच्या खिशात आहे.”

“मग खिशात कुणी टाकला?”

ती खाली मान घालून कार्बोरेटर पुसत राहिली.

शेवटी त्यांनी परवासारखाच पुन्हा दोन्ही वाल्व बंद राहतील असा पिस्टन वर आणला, गाडी गिअरमध्ये घातली आणि प्लगच्या भोकातून नळीने हवा आत सोडली. हवा कुठूनतरी फुसफुसणारच. कार्बोरेटरच्या बाजूने आली तर इनलेट वाल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. त्यांनी तिन्हीकडे कान लावला. काही नाही. पुन्हा लावला, श्वास रोखून.

“परवा तेच, आज तेच. कुठूनही गळत नाहीये,” ते म्हणाले आणि मान वर केली.

लेकीचा हात थांबला होता. ती सायलेन्सरकडे बघत होती.

“काय झालं?”

“काही नाही.”

त्यांनी हवा बंद केली. तिची नजर कामाकडे वळली. त्यांनी हवा सोडली. तिचे डोळे पुन्हा सायलेन्सरकडे गेले. बंद. चालू. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा ते तिच्याकडे वळले.

“तुला ऐकू येतंय?”

ती पुन्हा कार्बोरेटर पुसू लागली.

“अगं, बोल की!”

“येतंय. परवाही येत होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही म्हणालात, कुठूनही गळत नाही. मला वाटलं, मलाच भास होतोय.”

ते स्टुलावर बसले. स्वतःच्या कानाची भीती वर्षभर वाटत होती, ती खरी निघाली. पण आपल्या एका शब्दापायी हिने स्वतःचा चांगला कान खोटा ठरवला, हे त्याहून जास्त लागलं.

मग त्यांना आठवलं. पेस्ट लावून वाल्व त्याच्या बैठकीवर घासताना आधी खरखर येते. ती मऊ झाली की थांबायचं. हे ते जन्मभर कानानेच ठरवत आले होते. या वेळी एक्झॉस्टची खरखर फार लवकर थांबली होती. इतकी लवकर, की त्यांनी मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली होती.

हेड तिसऱ्यांदा उतरलं. वाल्व घासायला ते बसले, शेजारी लेक.

“झालं?”

“नाही.”

“आता?”

“अजून खरखरतंय, बाबा.”

खांदा भरून आला तरी ते घासत राहिले. तिने “आता बास” म्हटलं तेव्हाच हात थांबला.

सगळं परत बसवून किक मारली तर पाय असा उसळला की ते पडता पडता वाचले. काटा एकशे अठरा. प्लग लावला, आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. एवढ्यात कंपाउंडर आलेच.

“वा! शेवटी कानानेच पकडलंत ना?”

“हो तर,” लेक चटकन म्हणाली. “बाबांनीच पकडलं.”

त्यांनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

“खोटं बोलतेय ती,” ते म्हणाले. “हिला परवाच ऐकू आलं होतं. मला ऐकू येत नाही.”

कंपाउंडर खो खो हसले. चेष्टाच वाटली त्यांना. मग तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते फार जड गेलं. कंपाउंडरांचं हसू ओसरलं. लेकीने तोंड फिरवून डोळे पुसले.

“आता रडू नकोस. इकडे ये, ऐक नीट. अजून काही आहे का?”

ती इंजिनाजवळ वाकली. “बारीक टिकटिक आहे. टॅपेट सैल असेल.” मग घाईने म्हणाली, “पण फार नाही, चालेल.”

त्यांनी गाडी बंद केली.

“अर्धा तास बसा,” ते कंपाउंडरांना म्हणाले. “टॅपेट वाजतोय.”

त्यांच्या कानांना इंजिन अगदी सुरळीत चाललं होतं.