किन्हवलीचा पाएया

मोबाइलवरचं काही पटलं नाही तरी ताराबाई तो बंद करत नसत. ओट्यावर पालथा घालून ठेवत, म्हणजे आतली बाई बोलत राही आणि ताराबाई तिला उत्तरं देत राहत. त्या दुपारची बाई मुंबईच्या एका चकचकीत स्वयंपाकघरात तांदळाची भाकरी करत होती. उकड मळून झाली आणि तिनं लाटणं उचललं. वर म्हणाली, ही शहापूरकडची अस्सल गावरान भाकरी.

"लाटते बघ गो," ताराबाई सुनेला म्हणाल्या. "थापता येत नाय तर लाट बापडे, आमी काय तुझा हात धरलाय? पण आमचं नाव कशाला घालते त्याला?"

सून, दामिनी, समोर बसून पावटे सोलत होती. एरवी ती हसली असती. पण त्यांच्या शेतघराची जाहिरात तिनंच लिहिली होती, आणि तीत खोल्या, विहीर, आमराई यांच्याही आधी लिहिलं होतं: आमच्याकडे अस्सल स्पॅनिश पाएया मिळतो.

पाएया म्हणजे स्पेनमधला भात. दामिनी शहापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकली होती, पण नोकरी लागेना म्हणून तिनं कल्याणला स्वयंपाकाचा एक कोर्स केला. तिथल्या सरांनी एका दुपारी हा भात शिकवला: पिवळाधमक रंग, कोळंबी, वाटाणे, भोपळी मिरची आणि सॉसेजच्या चकत्या. सर स्वतः गोव्यापलीकडे कधी गेले नव्हते. पुढे लग्न होऊन ती किन्हवलीला आली, नवऱ्यानं, सुयोगनं, शेताच्या कडेला तीन खोल्या बांधल्या, आणि शनिवार-रविवारी ठाण्या-कल्याणची माणसं आसनगावला उतरून जीपनं येऊ लागली. त्यांना हा भात भलताच आवडला. गावात त्याला 'दामिनीचा पिवळा भात' म्हणत.

सगळे वाखाणत, आणि तेच दामिनीला खुपत असे. जो तो म्हणे, अगदी तिकडच्यासारखा झालाय. पण म्हणणाऱ्यांपैकी तिकडे कुणीच गेलं नव्हतं. प्रयोगशाळेत असं चाललं नसतं. उत्तर बरोबर आहे असं म्हणायला ते आधी कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. ज्याला ठाऊक आहे अशा एका तरी माणसानं आपला भात खावा आणि खरं काय ते सांगावं, असं तिला फार दिवस वाटत होतं.

आणि आता तेच होणार होतं. कल्याणची दिशा नावाची मुलगी लग्न होऊन स्पेनला गेली होती, तीही नेमकी व्हॅलेन्सियाला, जिथला हा भात. ती सासूला घेऊन माहेरी आली होती आणि तिनं जाहिरात वाचून फोन केला होता. सासूबाई पंधरा दिवस वरण-भात खाऊन आता घरच्या चवीला आसुसल्यात, ताई, तुमचा पाएया त्यांना खाऊ घालायचाय, असं ती म्हणाली. दामिनी हो म्हणाली.

मग तिनं वाचायला घेतलं. जे आधीच करायला हवं होतं, असं तिचं तिलाच वाटलं. व्हॅलेन्सियाची माणसं या भाताबद्दल किती हळवी आहेत ते तिला हळूहळू कळत गेलं. सॉसेज घातलेल्या पाएयाचं चित्र दिसलं की तिथले लोक खाली चिडून लिहीत. कोळंबीचा भात वेगळा, त्याला खुशाल दुसरं काही म्हणा. कांदा घालू नका. वाटाणे तर नाहीच नाही. एका आजोबांनी लिहिलं होतं की तुम्हाला हवं ते शिजवा, फक्त आमच्या गावाचं नाव त्याला देऊ नका. दामिनीनं ते वाक्य वाचलं आणि नकळत ओट्याकडे पाहिलं. मोबाइल जणू तिथं पालथा पडला होता आणि आतली बाई आता ती स्वतः होती.

खरा पाएया शेतातला होता. भातशेतीच्या कामावर माणसं दुपारी बांधावर चूल मांडत आणि जवळ असेल ते घालत: कोंबडी, ससा, चपट्या शेंगा, मोठे पांढरे दाणे, टोमॅटो, केशर. तिनं दाराबाहेर पाहिलं. भात कापून झालेल्या खाचरात त्याच ओलीवर वाल आणि पावटे धरले होते. कुंपणावर घेवड्याच्या शेंगा लोंबत होत्या. कोंबड्या अंगणात होत्या. एवढी वर्षं ती शहापूरहून गोठवलेली कोळंबी आणत होती.

सुयोगचं म्हणणं पडलं की नसती उठाठेव करू नये. लोकांना आवडतो तो पिवळाच कर, पाहुणी बाई गोड बोलून जाईल आणि विषय संपेल. दामिनीला नेमकं तेच नको होतं. तिनं ठरवलं, तिथल्या रीतीनं करायचा, चुलीवर, आयुष्यात पहिल्यांदा.

ठरल्या दिवशी दिशा आणि तिच्या सासूबाई आल्या. सासूबाईंचं नाव आंपारो. साठीच्या, उन्हानं रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. चहा नको म्हणाल्या आणि सुयोगबरोबर सरळ शेतात निघाल्या. खाचरातलं एक धसकट त्यांनी उपटून पाहिलं, मुळांची माती चोळून पाहिली. त्यांच्या वडिलांची भातशेतीच होती, दिशा म्हणाली, लहानपणी याही चिखलात उतरायच्या. ते ऐकून दामिनीचा उरलासुरला धीरही गेला.

तिनं मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली, ऐनाची लाकडं घातली आणि पावभाजीवाल्यांचा असतो तसा काठाचा मोठा लोखंडी तवा चढवला. कोंबडी तेलात लालसर परतली, घेवडा आणि पावटे टाकले, टोमॅटो किसून घातला, थोडी लाल मिरचीपूड, मग पाणी आणि केशर. पाण्याला उकळी आली, केशराचा रंग सुटला, तेव्हा तिनं घरचा जाड तांदूळ सगळीकडे सारखा पसरला. यापुढची अट एकच होती: ढवळायचं नाही. ते भलतंच अवघड होतं. भात लागू नये म्हणून हात आपसूक झाऱ्याकडे जात होता. शेवटी तिनं दोन्ही हात पाठीमागे धरले आणि तव्याकडे पाठ करून उभी राहिली.

पाणी आटलं आणि वास आला. तळाला लागल्याचा वास. तिनं घाईनं लाकडं ओढली, कडेनं उलथनं घालून पाहिलं, तर खाली तपकिरी थर घट्ट बसलेला. वरचा भात मात्र मोकळा आणि सोनेरी होता. दामिनीला रडू यायचं बाकी राहिलं.

"वरचा काढ," ताराबाई म्हणाल्या. "खालचा लागला तं लागला. पावण्यांच्या पानात जाऊ दिला नाय म्हंजे झालं."

तसंच केलं. वरचा भात तिनं अलगद झाऱ्यानं काढून ताटांत वाढला, एकही करपलेलं शीत जाणार नाही याची काळजी घेत. तवा मागेच राहिला. ती त्यात पाणी ओतणार, तेवढ्यात ताराबाईंनी हात धरला. पाणी नको घालू, मी नि गीताबाय खाऊ तो. गीताबाई म्हणजे शेजारीण, कामाच्या दिवशी मदतीला यायची.

ओसरीवर पानं मांडली होती. आंपारोबाईंनी आधी वास घेतला, मग एक पावटा वेगळा काढून खाल्ला, मग भात. दामिनी वाढायचं निमित्त करून उभीच होती. काही वेळानं त्या दिशाकडे वळून काहीतरी म्हणाल्या आणि दिशा घुटमळली.

"दिशा, जे म्हणाल्या ते जसंच्या तसं सांग," दामिनी म्हणाली. "गोड करू नको."

दिशानं सांगितलं, की दाणे अगदी बरोबर आहेत, शेंगाही. पण त्या विचारतायत, बाकीचा कुठे आहे.

दामिनीला वाटलं, भात हवाय. तिनं पातेलीत काढून ठेवलेला आणखी आणला. आंपारोबाईंनी मान हलवली. त्यांनी ताटाकडे बोट दाखवलं, मग हवेत एक मोठा गोल काढला, मग त्याच्या तळाशी नखानं खरवडल्यासारखं केलं. दामिनीला काही बोध होईना. तशा त्या ताटावरून उठल्या, हात धुतले आणि चुलीच्या धुराच्या मागानं घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेल्या. दिशा आणि दामिनी त्यांच्या मागोमाग.

मागे ताराबाई आणि गीताबाई तव्याला बसल्या होत्या. ताराबाईंच्या हातात उलथनं होतं, गीताबाईंच्या तोंडात घास. पाहुणीला बघून गीताबाईंनी तोंडावर पदर घेतला. ताराबाईंनी उलथनं मागे लपवलं, आणि ते लपत नाही असं दिसल्यावर खाली ठेवलं.

"ती खरवड हाये, बाय," त्या ओशाळून म्हणाल्या. "पावण्यांना नाय देत आमी ती."

दिशानं भाषांतर केलं. आंपारोबाईंनी एकदा तव्याकडे पाहिलं, एकदा ताराबाईंकडे, आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की गुडघ्यांवर हात टेकून तिथंच खाली बसल्या. मग डोळे पुसत बराच वेळ बोलल्या, आणि दिशा तुकड्यातुकड्यानं सांगत गेली. त्यांच्याकडे तळाच्या या थराला वेगळं नाव आहे. सगळा जीव त्यातच. त्यांचे भाऊ त्यासाठी चमच्यांनी मारामाऱ्या करत. पाहुण्याला नुसता वरचा भात वाढणं म्हणजे त्याला दारातून परत लावणं. जेवताना त्या मनात म्हणत होत्या, ही मुलगी इतकं सगळं नीट करते आणि मला एवढं परकं का करते? काय चुकलं माझं?

"म्हंजे चांगलं ते आमी खाल्लं नि पावणीला उरलेलं वाढलं," ताराबाई म्हणाल्या. त्यांना ते मनापासून आवडलेलं दिसलं. त्यांनी बूड सरकवून जागा केली आणि उलथनं पाहुणीच्या हातात दिलं.

आंपारोबाईंनी एक पापुद्रा सोडवला. तो कुरकुरला. त्यांनी डोळे मिटले. दामिनी समोर उकिडवी बसली. आता विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारता येणार नाही, हे तिला कळत होतं.

"हा पाएया आहे का?" तिनं विचारलं.

दिशानं विचारलं. आंपारोबाईंनी घास पुरा खाल्ला, मग उत्तर दिलं. दिशा ऐकताना गालात हसत होती.

"म्हणतायत, घरी कुणी विचारलं तर नाही म्हणून सांगेन. पण माझ्या पाएयाला माझी सख्खी बहीणही नाहीच म्हणते, आणि तिच्याला मी." तिनं पुढचं ऐकून घेतलं. "तुमच्या जाहिरातीतला फोटो मी त्यांना दाखवला होता, ताई. तो सॉसेजवाला. म्हणतायत, तो वाढला असता तर मी छान आहे म्हणाले असते आणि गप्प जेवले असते. त्यात चुका काढायला काही नव्हतंच. यात आहेत. ऐकायच्यात का?"

दामिनीला एकदम हलकं वाटलं. चूक काढायची तर समोर आधी तीच वस्तू लागते, भलतीच असून चालत नाही. इतक्या वर्षांच्या वाहवांमधून एकदाही जे मिळालं नव्हतं ते हेच होतं.

"सगळ्या ऐकायच्यात," ती म्हणाली.

चुका सुरू झाल्या. टोमॅटो आणखी परतायला हवा होता. पाणी थोडं जास्त पडलं. तांदूळ किंचित जास्त शिजला, तो धुतला होता का? धुतला होता, ताराबाईंनी स्वतः, तीनदा. धुवायचा नाही, आंपारोबाई म्हणाल्या, चव पाण्याबरोबर जाते.

"न धुता?" ताराबाईंनी दिशाकडे पाहिलं. "हिला सांग, खळ्यावरचा तांदूळ हाय तो. उंदीर फिरतात त्यावर. धुवायचा नाय तं काय कुंकू लावून शिजवायचा?"

दिशानं यातलं किती सांगितलं कोण जाणे, पण आंपारोबाई आपल्या मतावरून हलल्या नाहीत. ताराबाईही हलल्या नाहीत. मग विषय आचेवर गेला. शेवटी जाळ वाढवायचा, म्हणजे थर धरतो, असं आंपारोबाईंचं म्हणणं. निखाऱ्यावर निवांत सोडायचा, म्हणजे करपत नाही, असं ताराबाईंचं. दोघी दोन भाषांत आणि चारी हातांनी बोलत होत्या. गीताबाईंनी कधीच पदर खाली घेतला होता आणि त्या मध्येच एकीला, मध्येच दुसरीला दुजोरा देत होत्या. थोड्या वेळानं दिशानं भाषांतर सोडून दिलं आणि ती बोटानं कडेची खरवड काढायला लागली. कुणाचं काही अडलं नाही.

सुयोग ओसरीवरून हाका मारत होता, पाहुणे कुठे गेले म्हणून. दामिनीनं ओ दिली नाही. सकाळपासून आपण काही खाल्लं नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. भूक कडकडून लागली होती.

"बस की गो," ताराबाई म्हणाल्या. "रांधलंस तू नि बगत काय बसतंस? खरवड आधी रांधणारीची."

आंपारोबाईंना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी आपल्या बाजूचा चांगला मोठा पापुद्रा उलथन्यानं सोडवला, त्यावरचा पावटा बोटानं नीट बसवला आणि तो दामिनीपुढे धरला. दामिनीनं तो हातात घेतला. गरम होता, एका कडेला जरा जास्तच लागलेला. तिनं तीच कड आधी खाल्ली, आणि मग म्हणाली, की आईंचं बरोबर आहे, निखाराच हवा होता. यावर दोन्ही सासवा एकदम बोलायला लागल्या.