प्रतापचा कॅमेरा

प्रतापने रिमोट दाबून वेदांगला पडद्यावर थांबवला आणि उठून थेट टीव्हीवरच बोट टेकवलं.

"हे बघ. इथे. बॉल हातात घेऊन उभा काय राहतोस? सत्यनारायणाचा प्रसाद आहे का तो?"

"जा, बाबा," सोफ्यावर खांद्याला बर्फ धरून बसलेला वेदांग म्हणाला.

'जा' म्हणजे हो; या थंड जर्मन होकाराने प्रतापचं डोकं आणखीच फिरलं. पोरगा प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच करायचा. सतरा वर्षांचा घोडा झाला, तरी बॉल कुणाकडे फेकायचा ते वेळेत ठरवता येऊ नये? अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकचं दुसरं काम तरी काय असतं! आज कोच ब्रेनरचा फोन येणार होता. वेदांगला त्या जागेवर ठेवायचं की नाही, ते तो आज सांगणार होता.

मागच्या वर्षीची थोराड मुलं वयामुळे संघातून बाहेर पडली होती आणि ब्रेनर उरलेल्या कच्च्या लिंबांना घेऊन संघ नव्याने बांधत होता. क्लबात प्रत्येक आईबापाला काहीतरी काम अंगावर घ्यावं लागे. कुणी केक भाजून आणी, कुणी सॉसेज विकी. जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावी एका कंपनीत टेस्टिंगमध्ये असलेल्या प्रतापने मोठ्या हौसेने कॅमेरा मागून घेतला होता. मचाणावर चढून तो सगळा सामना टिपायचा, आणि तेच चित्रण पाहून ब्रेनर मुलांना जोखायचा.

"बॉल आला. उभा राहिला. आपटला." प्रताप एकामागून एक तुकडे लावत होता. "परत आपटला. काही शिकणार आहेस की नाही?"

वेदांगची आई नीलिमा भाजी निवडता निवडता थांबली.

"प्रताप, यात वेदांगशिवाय कुणीच कसं दिसत नाही?"

"बाकीच्यांना बघून काय करायचंय?"

"आणि कोपऱ्यात ते आडवे पाय कुणाचे आहेत? नारंगी बुटांचे. मघाशीही होते."

प्रतापने वैतागून चित्रण मागे नेलं. वेदांग आपटत होता त्या प्रत्येक वेळी नारंगी बूटवाला त्याच्याआधीच आडवा झालेला होता. प्रताप खाली बसला.

"कोण हा?"

"फिन," वेदांग म्हणाला. "नवा आहे."

"म्हणजे तुझ्यापुढे भिंत होऊन उभं राहायचं ते यानं? अरे, मग तू फेकणार कधी, कपाळ? आणि कोचला हे दिसत कसं नाही?"

वेदांगने खांद्यावरचा बर्फ सावरला. मग मराठीत बोलू लागला, शब्द शोधत.

"कोच म्हणाला होता, पपांना सांग, सगळं मैदान घ्या. मी नाही सांगितलं."

"का?"

"दिसलं असतं तर फिनला काढला असता. त्याला एकदा काढला की तो परत नाही येणार. तो शिकतोय, बाबा. थोडा वेळ पाहिजे त्याला."

"आणि तुझी जागा गेली म्हणजे?"

"मी दुसरीकडे पण खेळू शकतो. तो नाही."

प्रतापला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. असला गाढवपणा आपल्या घरात आला कुठून, हे त्याला कळेना. तेवढ्यात फोन वाजला.

ब्रेनर अदबीने बोलत होता. मुलगा गुणी आहे, पण वर्षभरात काही प्रगती नाही. रविवारपासून त्याला दुसऱ्या जागेवर खेळवू. तुम्ही स्वतः सगळं टिपलंय, तुम्हाला काय वाटतं?

प्रतापने वेदांगकडे पाहिलं. पोराने बर्फ बाजूला ठेवला होता आणि बापाच्या तोंडाकडे तो डोळ्यांची पापणी न हलवता बघत होता.

"तुमचं बरोबर आहे," प्रताप जर्मनमध्ये म्हणाला. "त्याला निर्णय घेता येत नाही."