माझ्यामुळे हरवलेला श

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. लाज वाटली की माणसं तोंड लपवतात. मला तीही सोय नाही, कारण मी म्हणजे नुसतं तोंडच. खाली एक मोठा पडदा, त्यातून भरीव आवाज निघतो. वर एक लहान पडदा, त्यातून बारीक. बाकी सगळी लाकडी पेटी.

मी आलो तेव्हा आम्ही दोघं होतो. माझा जोडीदार एका उन्हाळ्यात जळून गेला आणि मी एकटा राहिलो. माझा मालक म्हणजे घरातला दादा. तो गाण्यांचं मिक्सिंग करतो. म्हणजे गाणाऱ्याचा आवाज, गिटार, बासरी, ड्रम हे सगळं वेगवेगळं रेकॉर्ड केलेलं असतं. कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे बसवायचं हे तो ठरवतो आणि एकाचं दुसऱ्याशी जमवून देतो. लग्न जुळवण्यासारखंच काम, फक्त इथे वऱ्हाडी जास्त आणि प्रत्येकाला पुढे बसायचं असतं.

हे सगळं तो माझ्यावर ऐकून ठरवायचा. आलेल्या प्रत्येकाला माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचा, "हा कधी खोटं बोलत नाही." मी फुगून जायचो. मग एकदा खोली बदलताना मी टेबलावरून तोंडावर पडलो आणि वरच्या पडद्याला खोच पडली. दादानं मला उचललं, पुसलं, लावून पाहिलं. आवाज आला, तेवढं त्याला पुरलं. पण त्या दिवसापासून 'स' आणि 'श' माझ्यातून मांजर फिस्कारावं तसे बाहेर पडू लागले. हळूहळू त्याच्या कानांना त्याची सवय झाली. मी तर स्तुतीनं बहिराच झालो होतो.

दादाचे वडील गेल्यानंतरच्या वर्षी धाकटीनं, म्हणजे त्याच्या बहिणीनं, एक गाणं लिहिलं. तिचं पहिलंच. ओळ होती, 'घरात अजून तुझा श्वास भरून आहे'. दादानं जीव ओतून मिक्सिंग केलं. पण 'श्वास' आला की मी फिस्कारायचो. "हिचा श फार टोचतोय," असं म्हणत तो 'श' कापत गेला, कापत गेला. माझ्यावर गोड लागेपर्यंत त्यानं तो कापला. मग गाणं नातेवाइकांना पाठवलं आणि इंटरनेटवरही टाकलं.

पहिला फोन मावशीचा. "अगं, चाल किती छान! पण बाळा, वास कसला म्हणायचा?"

फोनवर, गाडीत, फोन जोडलेल्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर, सगळीकडे 'श' गायब होता. शेवटचा 'स' लोकांनी आपल्या मनानं भरून घेतला होता. 'घरात अजून तुझा वास भरून आहे!' इंटरनेटवर कुणी लिहिलं, 'मग खिडक्या उघडा की.' त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली. धाकटीनं ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

"दादा, ते काढून टाक. मी परत गाणार नाही. बाबांचं हसं झालं माझ्यामुळे."

तिच्यामुळे नाही गं, माझ्यामुळे! पण सांगणार कसं? मला दुसऱ्यांचंच बोलता येतं.

दादा आधी चूक मानायला तयार होईना. नाचता येईना, अंगण वाकडं. "लोकांचे फोन भिकार आहेत," म्हणाला आणि मावशीला हाताला धरून खोलीत घेऊन आला. माझ्यावर गाणं लावलं. माझ्यातून लख्ख 'श्वास' निघाला.

"बघ! आहे की नाही?"

"आहे रे," मावशी म्हणाली, "पण गाणं ऐकायला मी काय तुझ्या खोलीत राहायला येऊ?"

दादानं तिचा फोन मागून घेतला. मग त्यानं तिच्या फोनवर दुसऱ्या कुणाचं एक गाणं लावलं आणि तेच माझ्यावर लावलं. फोनवर साधा असलेला 'स' माझ्यावर फिस्कारला. त्यानं परत लावलं. मग उठून माझी जाळी काढली आणि खोचेवरून बोट फिरवलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "तू होय." मित्रांनो, त्या दोन शब्दांनी मी मेल्याहून मेलो.

त्यानं 'श' परत आणला आणि त्यावर चढलेली गिटार मागे सारली. या वेळी 'कसं वाटलं?' असं त्यानं कुणालाच विचारलं नाही. तसं विचारलं की माणसं 'छान' म्हणून मोकळी होतात. "काय ऐकू आलं, तेवढं म्हणून दाखवा," एवढंच तो म्हणे. मावशीनं म्हणून दाखवलं, शेजारच्या शिंप्यानंही म्हणून दाखवलं. दोघांनाही 'श्वास' ऐकू आला.

शेवटी आई फोन हातात घेऊन आमच्या खोलीत बसली. धाकटी दारातच उभी राहिली, आत येईना. आईनं पूर्ण ऐकलं आणि ओळ म्हणून दाखवली, 'तुझा श्वास भरून आहे'.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. मग फोन बाजूला ठेवत म्हणाली, "मला आधीचंही कळलं होतं हं. मला वाटलं, मुद्दामच लिहिलंस. बाबा कामावरून आले की कपड्यांना लाकडाच्या पॉलिशचा वास यायचा. मी त्यावरून किती भांडायचे त्यांच्याशी! आता कपाट उघडलं की तोच शोधत बसते."

कुणी हसलं नाही. धाकटी आत आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली. मग नाक पुसत म्हणाली, "दादा, माईक लाव. एक कडवं राहिलंय."

त्या कडव्यात तिनं 'वास' हाच शब्द घेतला, स्वच्छ, ठासून. दादानं ते आधी फोनवर ऐकलं, मग रेडिओवर आणि सगळ्यात शेवटी माझ्यावर.

सगळे म्हणतात, झालं ते बऱ्यासाठीच झालं. मला तसं म्हणवत नाही. आईच्या मायेनं माझी चूक झाकली गेली, पुसली गेली नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी विनवतो. जुन्या वस्तूंवर माया करा, पण त्या मायेपोटी त्यांना तपासायचं टाळू नका. पडलेल्याला नुसतं पुसून ठेवू नका, कुठे लागलंय ते बघा. मला त्या दिवशी कुणी नीट पाहिलं असतं, तर एका मुलीनं बापासाठी म्हटलेल्या गाण्यावर लोक हसले नसते.