शेवटच्या भट्टीचा पाव

लोखंडाच्या गोदामात तिला सगळे चिमणी म्हणत, कारण तिचा अख्खा दिवस छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये जायचा. मध्यंतरी शिडी चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून ती गुपचूप कंपनीबाहेरच्या डॉक्टरांकडे गेली. शुगर चांगलीच वाढलेली निघाली.

"पाव, भात, बटाटा, गोड, सगळं बंद," डॉक्टर म्हणाले. "नेटाने पाळलंत तर गोळ्यांशिवायही खाली येईल."

कंपनीची तपासणी तोंडावर आली होती आणि शुगर वाढलेल्याला क्रेनवर चढू देत नसत. तिने फक्त नवऱ्याला सांगितलं आणि अंडी, चिकन, पालेभाज्यांवर दिवस काढू लागली.

त्यातच नणंद आणि तिचे यजमान जेवायला आले. ताईंची बेकरी होती. आई गेल्यावर त्याच भट्टीपुढे उभं राहून त्यांनी धाकट्या भावाला वाढवलं होतं. यजमान चिमणीच्याच गोदामात शिफ्ट लावायचे. वर कोण चढणार हे त्यांच्याच हातात.

ताईंनी टेबलावर दोन टोपल्या ठेवल्या. "काल भट्टी विझवली गं. बेकरी विकली एकदाची. हा शेवटचा पाव, हा शेवटचा केक. परक्याच्या तोंडी घालवेना."

चिमणीने आपलं ताट जरा मागे ओढलं. ताईंनी स्वतःच्या हाताने तिला जाड तुकडा कापून दिला, वर लोणी थापलं आणि ती खाते कधी म्हणून बघत राहिल्या. तिने लोणी तेवढं चाटलं. मग मीठ आणायला उठली आणि तुकडा ॲप्रनच्या खिशात गेला. परत येते तो ताटात दुसरा तयार! नवऱ्याने तो हळूच उचलला.

"तुझं तू खा रे!" ताई ओरडल्या. "बायकोच्या ताटातलं काय ओरबाडतोस?"

ती पाणी आणायला उठली, चमचे आणायला उठली. स्वतःच्याच घरात तिला बसायला जागा उरली नव्हती. केक कापायची वेळ आली तेव्हा ती सुरी शोधायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली, आणि ताई मागोमाग आल्या. फुगलेल्या खिशाकडे त्यांनी बोट दाखवलं.

"काय आहे ते?"

चिमणीने पाव बाहेर काढला. चुरगळून त्याचा लगदा झाला होता.

ताईंचा चेहरा उतरला. "आवडला नाही तर तसं सांगायचं. लपवायचं कशाला? एवढी का मी परकी?"

त्यांचे डोळे भरलेले तिला बघवेनात. "ताई, मला शुगर निघालीय," ती कुजबुजली. "पण भाऊजींना नका सांगू. तुमच्या पाया पडते."

ताईंनी तिला घट्ट जवळ घेतलं. "वेडी कुठली! एकटीच सोसत बसलीस?" आणि डोळे पुसत बाहेर गेल्या. क्षणभराने त्यांचा ठणठणीत आवाज आला, "अहो, तो केक आधी झाका! हिच्यासमोर कुणी खायचा नाही. शुगर आहे बिचारीला!"

चिमणी दारातच थिजली. भाऊजींनी हातातला चमचा खाली ठेवला. नवरा ताटाकडे बघत बसला. आपण काय बोलून बसलो ते ताईंना तिघांचे चेहरे बघूनच उमगलं असावं. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"वहिनी, चक्कर येते का?" भाऊजींनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण क्रेनच्या हूकला लटकलेल्या लोखंडाखालून माणसं जातात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"एकदा आली होती."

"मला कळलं नसतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "आता गप्प नाही बसता येणार."

"कळतंय मला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती खाली, साखळ्या अडकवायच्या कामावर. तपासणीत शुगर उतरलेली निघाली, पण पुरेशी नाही. पुन्हा तपासेपर्यंत जमिनीवरच राहायचं ठरलं. वर दुसरं कुणीतरी बसलं होतं. मान वर करून इशारे देता देता तिची मान अवघडून जायची.

आणि रोज डबा उघडला की ताईंचा फोन. "काय आणलंयस? खरं सांग. पाव नाही ना?"

"नाही ताई," ती म्हणायची, आणि झाकण हातात धरून पलीकडून फोन ठेवला जायची वाट बघायची. ताई ठेवायच्या नाहीत.